ओल की गळती

सहाचा कार्यक्रम होता आणि सकाळी नऊपासून सभागृहात एकच गोष्ट वाजत होती, ती म्हणजे पंप.

पंप रंगमंचामागच्या छोट्या गच्चीत होता. एसीचं बाहेरचं यंत्रही तिथेच, आणि त्याच्यापुढे बादली उपडी घालून सूनबाई बसली होती. गच्चीचं दार पुरतं लागत नव्हतं, कारण त्याच्या फटीतून विजेची वायर गेली होती. त्या बोटभर फटीतून पंपाची घरघर आत येत होती आणि रंगमंचावर काळ्या पियानोसमोर बसलेल्या माणसाच्या कपाळावर आठी बनून थांबत होती.

तो माणूस म्हणजे तिचे सासरे.

एकाच घरातली तीन माणसं एकाच दिवशी एकाच सभागृहात कामाला लागावीत, असं कुणी ठरवलं नव्हतं. सासरे तीस वर्षं इथला पियानो सुरात लावत आले होते. सूनबाई एसीची कामं करायची. चार दिवसांपूर्वी सभागृहाच्या एसीचा कॉम्प्रेसर जळाला, दोन मेकॅनिकांनी ‘कार्यक्रमाआधी शक्य नाही’ म्हणून हात वर केले आणि तिसरा फोन तिला आला. आणि कार्यक्रम होता सासूबाईंचा. अडतीस वर्षं त्यांनी लोकांच्या मुलांना पियानो शिकवला, त्या मुलांच्या कार्यक्रमांत बाजूला उभं राहून वहीची पानं उलटली. आज वयाच्या सहासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा त्या एकट्या दीड तास वाजवणार होत्या. पानं उलटायला कुणी लागणार नव्हतं. सगळं पाठ होतं.

व्यवस्थापकाने अट आधीच सांगून ठेवली होती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून सभागृहाला उघडणारी एकही खिडकी नव्हती. दोनशे माणसं आत कोंबली आणि गारवा नसला तर त्यातली अर्धी भोवळ येऊन पडतील. पाचपर्यंत सभागृह थंड झालं नाही, तर तो साडेपाचला दारं उघडणार नव्हता. कार्यक्रम पुढे ढकलायचा, तर पुढची मोकळी तारीख सात महिन्यांनंतरची होती.

“सात महिन्यांनी माझी बोटं कशी असतील कोण जाणे,” सासूबाई काल जेवताना म्हणाल्या होत्या. हसतच म्हणाल्या होत्या. पण त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं सकाळी लवकर वळत नाहीत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे त्यांच्यासोबत कुणी हसलं नव्हतं.

म्हणून आज पाच म्हणजे पाच.

“ताई, अजून किती?” व्यवस्थापक किल्ल्यांचा जुडगा वाजवत दहा वाजता गच्चीत आला.

“तासभर.”

“नऊलाही तासभरच म्हणालात.”

“तेव्हाही तासभरच होता.”

धंद्यात तिला ‘तासभर’ याच नावाने ओळखत. काम कुठलंही असो, कुणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं. सामानाच्या दुकानातला माणूससुद्धा “या तासभरबाई” म्हणायचा आणि तिला त्याचा राग येत नसे. खोटं तर बोलत नव्हता बिचारा.

“आधीचा मेकॅनिक पाच मिनिटांत करायचा हे,” व्यवस्थापक म्हणाला. “एका बाजूने थोडी गॅस सोडायचा, दुसऱ्या बाजूने फुस्स करून हवा बाहेर. झालं.”

“म्हणून तर तो दर वर्षी यायचा,” ती म्हणाली. “दोन वर्षांत हा तिसरा कॉम्प्रेसर ना तुमचा?”

व्यवस्थापकाने किल्ल्या खिशात टाकल्या.

ती त्याला समजावत बसली नाही. जळका कॉम्प्रेसर काल काढला तेव्हा त्यातलं तेल काळं पडलेलं आणि आंबूस वासाचं होतं. तेवढ्यावरून तिला सगळी हकीकत कळली होती. फुस्स केल्याने हवा बरीचशी जाते, पण ओल जात नाही. ती तांब्याच्या नळीला आतून चिकटून बसते, तेलात मिसळते, तेल आंबतं आणि ते आंबट तेल मोटरची वायर कुरतडत राहतं. वर्षभराने मोटर जळते आणि लोक कंपनीला शिव्या देतात. ओल काढायची तर नळीतली हवा पंपाने खेचत राहायचं, इतकी की आतलं पाणी आपोआप उकळून वाफ होऊन निघून जावं. त्याला वेळ लागतो. त्याला दुसरा उपाय नाही.

काल नवा कॉम्प्रेसर बसवताना तिने नळ्यांचे सात जोड तापवून पक्के केले होते. त्यातला एक भिंतीच्या आत होता आणि भिंत पुन्हा लिंपून झाली होती. मग नळीत नायट्रोजन दाबून भरला आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी दाब तसूभरही हलला नव्हता. तेव्हाच तिने पंप जोडला.

आता तिची नजर हातातल्या, नळीत किती हवा उरलीय ते दाखवणाऱ्या छोट्या यंत्रावर होती. त्यावरचा आकडा मायक्रॉनमध्ये. उघड्या हवेत तो सात लाख साठ हजार असतो. तिला तो पाचशेच्या खाली हवा होता. दहा वाजता तो दोन हजारांवर होता आणि साडेदहाला हजारावर.

“सूनबाई,” दाराच्या फटीतून आवाज आला, “तुझं हे गॅस भरणं कधी संपणार?”

“बाबा, गॅस अजून भरलीच नाहीये. आधी रिकामं करतेय.”

“रिकामं करायला इतका गोंगाट? रिकामं करायचं म्हणजे झाकण उघडायचं.”

सासरे वाईट माणूस नव्हते. फक्त त्यांच्या मते जगात कामं दोनच प्रकारची होती, कानाने करायची आणि बाकीची. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा तिचं काम ऐकून ते म्हणाले होते, “अच्छा, म्हणजे गॅस भरतेस.” त्याला सहा वर्षं झाली. नवरा जहाजावर, वर्षातले सात-आठ महिने पाण्यात. त्यामुळे या वाक्यावर मध्यस्थी करायलाही घरात कुणी नव्हतं. आपण दोघंही दिवसभर पानाच फिरवतो, फक्त तुमच्या हत्यारांच्या पेटीला आतून मखमल आहे, असं तिच्या किती वेळा ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं होतं.

“पियानोला कधी हात लावताय?” तिने विचारलं.

“तू खोली गार केल्यावर. आत्ता लावला आणि नंतर गारठा पडला की तारा सगळ्या हलणार. कार्यक्रमाच्या हवेतच पियानो लावायचा असतो. दोन तास लागतात आणि शांतता लागते.” ते थांबले. “म्हणजे तू संपवल्याशिवाय माझं सुरू नाही, आणि तू तर संपवत नाहीस.”

“तासभर,” ती म्हणाली.

“ऐकलं हो! ऐकलं!” रंगमंचामागच्या आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. त्या आरशासमोर बसून टेबलाच्या कडेवर बोटं चालवत होत्या. “अहो, तिला तिचं काम करू द्या.”

अकराला आकडा सहाशेवीसवर आला. उतरत होता, पण आता म्हाताऱ्या माणसाने जिना उतरावा तसा. गॅसचा सिलिंडर अजून दुकानातून आणायचा होता. पंप चालू ठेवूनच जायचं होतं आणि तो मधे बंद पडता कामा नये. तिचा पंप जुना होता. नव्या पंपांना उलटी वाट बंद करणारी झडप असते, तिच्या पंपाला नव्हती. आधी नळीचा व्हॉल्व्ह बंद, मग पंप बंद, हा क्रम चुकला की संपलं.

व्यवस्थापकाला तिने जाता जाता बजावलं, “कुणाला पंपाजवळ येऊ देऊ नका.” त्याने मान हलवली आणि खुर्च्या मोजायला गेला.

सासऱ्यांना ती काही बोलली नाही. घरी त्यांच्या रेडिओच्या बटणाला हात लावू नका असं त्यांनी सगळ्यांना सांगायचं असतं, त्यांना कुणी सांगायचं नसतं.

पाऊण तासाने ती सिलिंडर घेऊन परतली. पंप चालू होता. आकडा अकराशे.

तिने यंत्र हातात घेऊन हलवलं, पुन्हा बघितलं. अकराशे. सहाशेवीस सोडून गेले होते की आणखी काही वाचलं होतं? तिने वहीत पाहिलं. अकरा वाजता, सहाशेवीस. अक्षर तिचंच.

“असेल बाई,” ती स्वतःशीच म्हणाली आणि बादलीवर बसली. साडेबारापर्यंत आकडा सातशेवर आला आणि तिथेच ठाण मांडून बसला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. खाली जाईना.

आता एकच मार्ग होता. तिने व्हॉल्व्ह बंद केला, मग पंप बंद केला. सभागृहात एकदम शांतता पसरली. रंगमंचावरून पावलं आली आणि सासरे दारात उभे राहिले.

“झालं?”

“परीक्षा आहे. दहा मिनिटं नुसतं बघायचं.”

“काय बघायचं?”

“आकडा चढणार. चढून कुठेतरी थांबला, तर आत ओल राहिलीय. थांबलाच नाही, चढतच राहिला, तर गळती.”

“ओल असेल तर?”

“तर अजून खेचायचं.”

“आणि गळती असेल तर?”

तिने भिंतीकडे बोट दाखवलं. काल लिंपलेला चौकोन अजून ओलसर गडद होता. सहा जोड बाहेर होते आणि ते तपासायला अर्धा तास पुरला असता. सातवा तिथे आत होता. तो उघडायचा म्हणजे छिन्नी-हातोडा, धूळ, पुन्हा तापवणं, पुन्हा सगळं. आजचा दिवस गेलाच.

सासऱ्यांनी खिशातून घड्याळ काढलं आणि तिच्या शेजारी उभे राहिले.

सातशे. आठशेवीस. नऊशेसाठ.

“चढतोय,” ते म्हणाले.

“चढू दे. थांबतो का ते महत्त्वाचं.”

बाराशे. साडेचौदाशे. तिच्या मानेवरून घामाची धार पाठीत उतरली. आतल्या खोलीत टेबलावर बोटांची टकटक चालू होती आणि इतक्या शांततेत ती स्पष्ट ऐकू येत होती. उजवा हात जलद, डावा सावकाश. सासूबाई मधल्याच एका जागी पुन्हा पुन्हा परत येत होत्या.

“तो भाग तिला काल रात्रीही अडला होता,” सासरे हळूच म्हणाले.

सतराशे. अठराशे. अठराशेचाळीस.

“सहा मिनिटं,” सासरे म्हणाले.

अठराशेपन्नास. अठराशेपन्नास. अठराशेपन्नास.

“आठ.”

अठराशेपन्नास.

“थांबला,” ती म्हणाली. “ओल आहे. भिंत वाचली.”

“मग उत्तमच की.”

“उत्तम कसलं? आली कुठून ही ओल? रात्रभर नायट्रोजन होता आत, ठणठणीत कोरडा. सकाळी दोन तासांत सहाशेवर आलं होतं.” तिने सवयीने पंपाच्या काचेत पाहिलं. काचेवर एक लाल रेघ असते, तेल त्या रेघेला लागून असायला हवं. सकाळी तिने स्वतः भरलं होतं, रेघेला लागूनच. आता ते रेघेच्या बोटभर खाली होतं.

तेल उडून जात नाही. तेल कुणी पीत नाही. तिने पंपाकडची नळी सोडवून फडक्यावर धरली, तर आतून पिवळं तेल ओघळत आलं. दोन चमचे तरी असेल.

हे एकाच प्रकाराने होतं.

तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. हातात पाण्याची बाटली, चेहऱ्यावर समाधान. “किती बरं वाटतंय गं शांत झाल्यावर. मघाशीही पाच मिनिटं बंद केलं होतंस ना, तेव्हा मला पहिल्यांदा माझं मन ऐकू आलं.”

“मघाशी?”

“साडेअकराच्या सुमारास.”

“आई, साडेअकराला मी दुकानात होते.”

सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. सूनबाईने सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

“पियानोत खरखर होती,” ते घड्याळालाच म्हणाले. “मधल्या एका पट्टीला. पियानोची आहे की बाहेरची, हे कळायला शांतता हवी ना? बटण बंद केलं, खरखर गेली. चालू केलं, आली. म्हणजे तुझ्या पंपाच्या हादऱ्याने वही ठेवायच्या फळीचा स्क्रू वाजत होता. मी स्क्रू आवळला. विषय संपला.” मग जरा खालच्या आवाजात, “परत चालू केला होता मी.”

“बाबा, बटण म्हणजे नुसती शांतता नसते हो.”

“मला काय माहीत? आमच्यात थांबवलं की थांबतं.”

“इथे नळीत काहीच नाही, बाहेर सगळी हवा. पंप थांबला की हवा उलटी धावते. पंपातलं तेल ढकलत आत घुसली. दमट हवा, तेलासकट. अडीच तास खेचलेलं पाच मिनिटांत परत आत.”

तीस वर्षांत सासऱ्यांनी पियानो बिघडवला नव्हता आणि चूक कबूल करायची वेळही त्यांच्यावर फारशी आली नव्हती. सवय नसल्याने त्यांचा चेहरा अवघडून गेला, नवा चष्मा लावल्यासारखा.

“चिठ्ठी लावायला हवी होती मी,” सूनबाई म्हणाली. “बटणावर. ती माझी चूक.”

“चिठ्ठी लावली असतीस तरी ह्यांनी वाचली नसती,” सासूबाई म्हणाल्या.

“मग आता?” सासऱ्यांनी विचारलं.

“पहिल्यापासून. पंपाचं तेल बदलायचं, नळी बदलायची, नायट्रोजन सोडून आतली ओल झाडून काढायची, परत खेचायचं.”

“किती वेळ?”

तिला तो शब्द उच्चारायचा नव्हता. पण दुसरा सुचेना. “तासभर.”

“खरा, की तुझा?”

“माझा.”

म्हणजे किमान दोन. हे आता त्यांनाही समजत होतं. एक वाजला होता. तीनला संपलं तर दहा मिनिटं परीक्षा, मग गॅस, साडेतीनला एसी सुरू. सभागृह गार होऊन स्थिरावायला सव्वाचार. दारं साडेपाचला. सासऱ्यांच्या वाट्याला उरला सव्वा तास. त्यांना दोन तास लागत.

ते पाठमोरे होऊन आत गेले. रुसले असतील, असं तिला वाटलं, आणि रुसव्याला वेळ द्यायला तिच्याकडे वेळ नव्हता. तिने पंप पालथा करून जुनं तेल ओतलं, नवं भरलं, चालवलं, तेही ओतलं आणि पुन्हा नवं भरलं. नळी बदलली. नायट्रोजन सोडला तसा तो नळीतून सुसाट निघाला आणि व्हॉल्व्हच्या तोंडाशी धरलेल्या कागदावर एक ओला ठिपका उमटला. मघाशी आत घुसलेलं तेल ते. तीन वेळा भरून तीन वेळा सोडल्यावर कागद कोरडा राहिला. पावणेदोनला पंप पुन्हा सुरू झाला.

मग तिने मान वर केली, तर सासरे दारात कागद-पेन्सिल घेऊन उभे.

“अठ्ठ्याऐंशी पट्ट्या असतात,” ते म्हणाले. “मी तिचा सगळा कार्यक्रम मनातल्या मनात वाजवून पाहिला. सगळ्यात वरच्या चौदा पट्ट्यांना तिचा हातच लागत नाही. खालच्या नऊही नाहीत. राहिल्या पासष्ट. पासष्टांना सव्वा तास पुरेल.”

“आणि त्या तेवीस?”

“त्या तशाच राहतील.” एवढं बोलायला त्यांना बरेच कष्ट पडले. “मी आजवर एकही पट्टी सोडली नाही, सूनबाई. लहान मुलांच्या स्पर्धेलासुद्धा नाही.”

तिने बादली त्यांच्याकडे सरकवली आणि स्वतः पायरीवर बसली. ते बसले. दोघं आकडा बघू लागले. नऊ हजार. पाच हजार.

“आत आत्ता काय चाललंय?” त्यांनी विचारलं.

“पाणी उकळतंय.”

“विस्तवाशिवाय?”

“पाण्याच्या डोक्यावर हवेचं ओझं असतं, म्हणून त्याला उकळायला इतकी आच लागते. ओझं काढलं की ते असंच उकळतं. हातावर धराल इतकं गार असलं तरी.”

“ह्यांच्या डोक्यावर काहीही नसलं तरी उकळतं,” आतून सासूबाई म्हणाल्या. सासऱ्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं, पण कान लाल झाले.

थोड्या वेळाने ते म्हणाले, “तुझ्या पंपाचा आवाज बदललाय. मघापेक्षा वर गेलाय. अर्धा सूर नाही, पण पाव तरी.”

तिने काच पाहिली, यंत्र पाहिलं. अकराशे. “खेचायला काही उरलं नाही की असं होतं. हवा कमी, बोजा कमी. हलका फिरतो.” ती त्यांच्याकडे बघत राहिली. सोळा वर्षं ती पंप चालवत होती. हा फरक कानाने ओळखता येतो हे तिला माहीत नव्हतं. “तुम्हाला ते ऐकू येतं?”

“न येऊन कसं चालेल? सकाळपासून दुसरं काय ऐकतोय मी?”

दोन पन्नासला आकडा चारशेदहा झाला. व्हॉल्व्ह बंद. मग पंप बंद. त्या क्रमाकडे सासऱ्यांनी नीट लक्ष दिलं. चारशेदहा. चारशेतीस. चारशेपंचावन्न. तिथे तो थांबला, आणि दहा मिनिटं थांबून राहिला.

“ओलही नाही आणि गळतीही नाही,” ती म्हणाली आणि सिलिंडरचा पाना उचलला.

गॅस नळीत सुटली तेव्हा सासरे मान कलती करून ऐकत होते. व्यवस्थापक धावत आला. “ताई, भरली गॅस? एवढंच होतं तर सकाळीच...”

“गॅस शेवटी भरतात हो,” सासरे म्हणाले. “दहा मिनिटांचं काम आहे ते. त्याच्या आधी नळी रिकामी करावी लागते. आत पाणी उकळवावं लागतं, विस्तवाशिवाय. तुमचा आधीचा माणूस फुस्स करायचा. ही फुस्स करत नाही.”

व्यवस्थापकाने सूनबाईकडे पाहिलं. तिने जणू काही ऐकलंच नाही असं दाखवून व्हॉल्व्हची टोपी घट्ट केली.

साडेतीनला एसी लागला. सव्वाचारला सभागृहातला पारा बावीसवर स्थिर झाला आणि सासऱ्यांनी मखमलीची पेटी उघडली. सूनबाईने सगळी दारं स्वतः लावली आणि एकात पाठ लावून उभी राहिली. कुणी आत येऊ लागलं की बोट ओठांवर. सव्वा तास एकेक पट्टी वाजत होती, किंचित वर, किंचित खाली, जागेवर. पाच तीसला ते उठले. चौदा पट्ट्यांकडे एकदा पाहिलं आणि झाकण लावलं.

“वरच्या चौदा तशाच आहेत,” ते बायकोला म्हणाले. “तिकडे फिरकू नकोस.”

“नाही हो फिरकत.”

सहाला दोनशेच्या जागी दोनशेवीस माणसं आत होती. जादाच्या वीस खुर्च्या व्यवस्थापकाने कुठून आणल्या कोण जाणे. सूनबाई आणि सासरे मागच्या दाराशी उभे राहिले, ती एसीवर लक्ष ठेवायला आणि ते पियानोवर. सासूबाई आल्या, बसल्या, पदर सावरून हात मांडीवर ठेवले. बोटं एकदा वळवली आणि वाजवायला लागल्या. सकाळपासून अडणारी जागा आली तेव्हा सासऱ्यांनी दाराची कडी धरली. ती जागा आली आणि गेली, अडली नाही. त्यांनी कडी सोडली.

दीड तासाने टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगांमध्ये त्यांचे जुने विद्यार्थी होते, आता पोक्त झालेले. त्यांच्यातला कुणीतरी ओरडला, “बाई, आमचा पहिला धडा!”

सासूबाई हसल्या आणि परत बसल्या.

“अरे देवा,” सासरे कुजबुजले.

“काय झालं?”

“पहिला धडा. मुलांना गंमत वाटावी म्हणून तिने रचलेला. पायरी पायरीने वर जातो आणि शेवटचा सूर...” त्यांनी तिचं मनगट पकडलं. “...सगळ्यात वरची पट्टी.”

धडा वर चढत गेला. सासूबाई पासष्टांतल्या शेवटच्या पट्टीपाशी आल्या. तिथे थांबल्या. मान वळवून त्यांनी थेट मागच्या दाराकडे पाहिलं, डोळे अगदी शाळकरी पोरीचे, आणि एक बोट लांब करून सगळ्यात वरची पट्टी वाजवली. टिंग.

सभागृह हसलं आणि उठून उभं राहिलं.

“खाली होता,” सासरे म्हणाले.

सूनबाईला तो बाकीच्यांसारखाच वाटला होता. “किती?”

“केसभर.”

“मग चालेल की.”

त्यांनी तिचं मनगट सोडलं. रंगमंचावर सासूबाई तिसऱ्यांदा वाकून नमस्कार करत होत्या आणि वरून गार हवेची बारीक झुळूक सगळ्यांच्या डोक्यांवरून जात होती.

“चालेल कसं?” ते पुटपुटले. “अजून तासभर मिळाला असता ना मला...”

मग आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.